चढावरची हवा

जुन्या गाडीतली ऊब आधी पावलांना कळते. बाहेर जानेवारीचा राखी उजेड असतो, खिडक्यांच्या कडांवर गोठलेल्या वाफेची नक्षी असते, अंगावर लोकरीचे थर असूनही खांदे आखडलेले असतात. आणि मग दोन-चार मैल मागे पडले, इंजिनातलं पाणी तापलं, की डॅशबोर्डखालच्या अंधारातून एक कोमट झुळूक निघते आणि बुटांच्या चामड्यातून, मोज्यांच्या दमट विणीतून वाट काढत पावलांपाशी येऊन थांबते. तिला वास असतो. तापलेल्या धुळीचा, रबरी चटईचा, बुटांना चिकटून आत आलेल्या आणि आता वितळू लागलेल्या बर्फाचा. आमच्या गाडीत तर आईच्या शालीत मुरलेल्या फोडणीचासुद्धा. पोटऱ्या सैलावतात, मग गुडघे, मग डोळ्यांवर झापड येते. मागच्या सीटवर आडवं व्हावं, पुढे आईबाबांचं हलक्या आवाजातलं बोलणं चालू असावं आणि पावलांवरून हा वारा वाहत राहावा, याहून जास्त सुरक्षित असं काही जगात असेल असं त्या वयात मला वाटत नसे.

पण ती ऊब माझ्या मनात इतकी खोल जाऊन बसली आहे ती तिच्या येण्यामुळे नव्हे. तिच्या जाण्यामुळे.

आम्ही पिट्सबर्गला राहायचो. न्यू जर्सीला मावशीकडे जायचं तर पेनसिल्व्हेनिया टर्नपाईक धरावा लागे. १९४०च्या ऑक्टोबरमध्ये हा रस्ता खुला झाला तेव्हा तो अर्विनपासून कार्लाइलपर्यंत होता, आणि वाटेतल्या डोंगररांगा सात बोगद्यांतून ओलांडत होता. त्यातले काही बोगदे १८८०च्या दशकात एका रेल्वेसाठी खणायला घेतले होते. ती रेल्वे कधी धावलीच नाही. खणलेली पोकळी मात्र डोंगराच्या पोटात अर्धशतकभर वाट पाहत राहिली. बाबा हे दर प्रवासात सांगायचे, आणि आई दर वेळी पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकायची. तिच्या लेखी तो टर्नपाईक नव्हताच. लॉरेल हिलचा लांब चढ दिसू लागला की ती थर्मासचं झाकण घट्ट करायची, शाल गुडघ्यांभोवती लपेटायची आणि म्हणायची, “अहो, घाट लागला.”

घाट लागला की इंजिनाचा सूर जाड व्हायचा. बाबांचा उजवा पाय खाली जायचा. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी, रेडिओच्या मागे, एक बारीक सुस्कारा असे. एरवी तो रस्त्याच्या आवाजात बुडून जायचा, पण मी कान देऊन ऐकायचे म्हणून मला तो सापडायचा. चढ अर्धा झाला की आत काहीतरी कलल्याचा दबका आवाज येई, आणि पावलांवरचा वारा निघून जाई. एकदम नाही. आधी डाव्या पायावरून, मग उजव्या, आधी विरळ होत, मग आहे की नाही असं वाटायला लावत. आणि जरा वेळाने, मान उंचावून पाहिलं तर, तीच ऊब पुढच्या काचेच्या तळाशी फिरत असायची. काचेवर साचलेलं धुकं खालून वर विरत जायचं, त्यातून आधी बॉनेट दिसायचं, मग रस्ता, मग बर्फाने वाकलेली हेमलॉकची झाडं. माथा आला, बाबांनी पाय उचलला, की तो वारा पुन्हा पायांशी परतायचा.

“गेली गं ऊब,” आई चढावर म्हणायची.

“गेली नाही,” बाबा म्हणायचे. “काचेकडे गेली. इंजिनाला दम लागलाय, त्याला हिला धरून ठेवायला उसंत नाही.”

मला ते वाक्य फार आवडायचं. अजून आवडतं. कारण ते अक्षरशः खरं होतं.

त्या काळच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत हवेला वाट दाखवण्याचं काम विजेकडे नव्हतं, व्हॅक्यूमकडे होतं. पेट्रोल इंजिन चालू असतं तेव्हा पिस्टन खाली उतरताना हवा ओढतो, आणि वाटेतला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असला की त्याच्यामागच्या मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. इंजिन नुसतं गुरगुरत उभं असताना ही ओढ साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतकी भरते. ती इंजिनाला फुकटच मिळते. कुणी तरी विचार केला असेल, हिला का वाया घालवा? मग मॅनिफोल्डपासून काडीइतकी बारीक नळी निघाली, एका प्लॅस्टिकच्या पोकळ डब्यापाशी थांबली, तिथे थोडी ओढ साठवून ठेवली, वाटेत एकाच दिशेने उघडणारा चिमुकला व्हॉल्व्ह बसवला, आणि नळी फायरवॉलमधून आत शिरून डॅशबोर्डवरच्या खटक्यापर्यंत गेली. तिथून तिला रंगीबेरंगी फाटे फुटले. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक डबी, डबीत रबराचा पातळ पडदा, पडद्याला दांडी, दांडीला हवेच्या वाटेतला एक फ्लॅप. खटका ‘पाय’वर नेला की त्या फाट्यातली हवा ओढली जाते, पडदा मागे सरकतो, फ्लॅप कलतो, आणि वारा खाली वाहू लागतो.

चढावर बाबांचा पाय दाबला जायचा, थ्रॉटल उघडायचा, आणि मॅनिफोल्डमधली ओढ जवळपास शून्यावर यायची. छोटा चढ असेल तर डब्यात साठवलेल्या ओढीवर निभावून जाई. पण आमच्या गाडीत कुठेतरी सुईच्या अग्राएवढी गळती होती, आणि लॉरेल हिल लांब होता. साठा संपायचा. पडदे सैल पडायचे. किती गरम हवा यायची हे ठरवणारा फ्लॅप मात्र वेगळ्या तारेवर चालत असल्यामुळे ऊब तसूभरही कमी व्हायची नाही. तिची फक्त वाट बदलायची.

या ओढीला इंच पाऱ्यात का मोजतात, हे बाबांनी मला एका पावसाळी रविवारी सांगितलं होतं. १६४४ साली टोरिचेलीने आपल्या एका मित्राला पत्रातून कळवलं होतं की आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली की पारा खाली येतो, पण एका उंचीवर थबकतो. त्याला वर कुणी ओढून धरलेलं नसतं, बाहेरच्या हवेने खालून तोलून धरलेलं असतं. समुद्रसपाटीला ही उंची सुमारे ३० इंच. बाबा म्हणाले, “पोकळी काही करत नाही, बाळा. ती फक्त जागा देते. काम करते ती भोवतालची हवा.” मी तेव्हा खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत होते आणि इतक्या उंच समुद्राचं वजन आपल्या डोक्यावर आहे तरी आपल्याला चालता कसं येतं, याचं मला नवल वाटत होतं.

गाडी आता माझ्याकडे आहे. तिचा रंग उडाला आहे, मागच्या सीटचा कापडी वास मात्र तसाच. बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तिने एक नवीन गोष्ट धरली: सपाट रस्त्यावरही, खटका कुठेही ठेवा, हवा फक्त काचेकडे. पायांना काहीच नाही. सुस्काराही थांबला होता. मी गॅरेजमध्ये दिवा लावला, बाबांचा ओढ मोजणारा हातपंप काढला, आणि एका संथ शनिवारी, कुठलीही घाई नसताना, त्या नळ्यांच्या मागे मागे गेले.

असं काम शांतपणे करावं लागतं. डॅशबोर्ड उचकटायला धावायचं नसतं. आधी बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं, पंखा आणि पट्टे यांच्यापासून बाह्या आवरून घ्यायच्या, आणि मॅनिफोल्डजवळची बारीक नळी सोडून तिच्या उगमाच्या तोंडावर बोट ठेवायचं. बोटाचं कातडं आत ओढलं जातं. इंजिन जिवंत आहे, त्याची ओढ शाबूत आहे, एवढं तिथेच कळतं. मग पुढे. डब्याला हातपंप लावायचा, काटा २० वर न्यायचा, आणि पाहत बसायचं. काटा ढळला नाही तर डबा निर्दोष. एकमार्गी व्हॉल्व्ह काढून फुंकर घालायची: एका बाजूने श्वास जायला हवा, दुसऱ्या बाजूने अडायला हवा. या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या. मग बॅटरीच्या कडेने जाणाऱ्या त्या नळीवरून मी बोटं फिरवली. इतक्या वर्षांच्या इंजिनाच्या धगीने तिचं प्लॅस्टिक पिवळट पडलं होतं, आणि फायरवॉलपाशी जरासा बाक देताच ती वाळवणातल्या कुरडईसारखी कुडकन मोडली. आधीच तडकलेली होती ती. तिथून आत ओढ पोचतच नव्हती.

तडकलेला भाग कापून, रबरी नळीचा बोटभर तुकडा दोन्ही टोकांवर चढवला. इंजिन चालू केलं. आत कुठेतरी पाठोपाठ दबके आवाज झाले, आणि डॅशबोर्डखालच्या अंधारातून, तापलेल्या धुळीच्या वासासकट, वारा माझ्या पायांवर आला.

मी तशीच बसून राहिले. किती वेळ कोण जाणे.

मग तो बारीक सुस्काराही परत आला. रेडिओच्या मागून. त्याला मी लहानपणापासून ओळखत होते, पण त्याच्या घरी कधी गेले नव्हते. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं अंधारात फिरवत, डॉक्टर छाती तपासतात तसं, मी त्याला शोधलं. ज्या फाट्याच्या टोकाला आवाज मोठा झाला तो पायांकडच्या फ्लॅपचा होता. हातपंप लावला, काटा चढला आणि सावकाश, फार सावकाश, उतरू लागला. डबीतला रबरी पडदा घडीवर विरला होता. म्हणजे लॉरेल हिलवर आईच्या पावलांची ऊब जिथून निसटायची, ते हे छिद्र. एवढंसं.

आता यावर जरा थांबून विचार करावा असं वाटतं, आणि तुम्हीही माझ्यासोबत थांबावं. ओढ संपल्यावर हवा काचेकडेच का जाते? ती कुठेही जाऊ शकली असती. पायांकडे अडकून राहिली असती, चेहऱ्यावर आली असती. पण प्रत्येक डबीत एक स्प्रिंग आहे, आणि ती स्प्रिंग कुठल्या बाजूला ढकलणार हे कुणी तरी ठरवून बसवलं आहे. नळी तुटो, पडदा फाटो, इंजिनाला दम लागो. सगळं बळ गेलं की फ्लॅप आपोआप अशा जागी यावेत की आतली ऊब काचेवर जाईल आणि चालवणाऱ्याला पुढचा रस्ता दिसेल. पाय गारठले तर चालतील. दिसलं पाहिजे. अमेरिकेच्या वाहनसुरक्षेच्या मानकांत १०३ क्रमांकाचं एक मानक फक्त पुढच्या काचेवरचं धुकं आणि हिम घालवण्याविषयी आहे. पण स्प्रिंग कुठे बसवायची हा विचार मानकाच्या कागदापेक्षा जुना आहे, आणि आमच्या घरात तो तीन पिढ्यांपासून नांदत होता, हे मला त्या गॅरेजमध्ये उमगलं.

माझे आजोबा मिरजेला रेल्वेत गार्ड होते. त्या काळी आपल्याकडच्या गाड्यांना व्हॅक्यूमचे ब्रेक असत. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक अखंड नळ, डब्याडब्यांमध्ये रबरी नळांनी जोडलेला, आणि त्यातली हवा इंजिन सतत ओढून काढत असे. नळात ओढ टिकली तर ब्रेक सुटलेले राहत आणि गाडी धावे. ओढ गेली की ब्रेक लागत. कुणी साखळी खेचली, जोड निसटला, गाडी मधोमध तुटली, तरी नळात हवा घुसे आणि डबा न् डबा आपापल्या जागी थांबायला लागे. गाडी सुटण्याआधी आजोबा आपल्या ब्रेकव्हॅनमधल्या तबकडीकडे पाहायचे. काटा नीट चढला की मगच हिरवं निशाण. लहानगे बाबा त्यांचा डबा द्यायला स्टेशनवर जायचे आणि तो काटा चढताना पाहायला मिळावा म्हणून मुद्दाम रेंगाळायचे. तो काटा २० इंचांच्या आसपास येऊन थांबायचा. माझ्या गॅरेजमधला काटाही तिथेच थांबला होता.

बाबा शिकले, समुद्र ओलांडून आले, आणि कुठे येऊन राहिले, तर पिट्सबर्गला. याच शहरात जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक रेल्वेला दिला होता. त्या पहिल्या ब्रेकमध्ये दाब आला तरच चाकं आवळली जात. नळ फुटला तर ब्रेकच नाही. तीन वर्षांनी त्याने ती रचना उलटी केली. दाब असेल तोवर ब्रेक मोकळा, दाब गेला की ब्रेक लागणार. बाबा मला वेस्टिंगहाउसच्या विल्मर्डिंगमधल्या जुन्या कारखान्याच्या रस्त्याने मुद्दाम घेऊन जायचे आणि गाडी हळू करायचे. ते स्वतः एका छोट्या कारखान्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज करत. हाताखालच्या पोरांनी कागद आणला की ते आकडे नंतर पाहायचे. आधी विचारायचे, “हवा गेली तर हा कुठल्या बाजूला पडेल?” उत्तर आलं नाही, तर कागद परत.

शेवटची दोन-तीन वर्षं बाबांचा श्वास अपुरा पडू लागला होता. ऑक्सिजनची नळी नाकाशी, खिडकीपाशी खुर्ची, गुडघ्यांवर आईची जुनी शाल. आई आधीच गेली होती. हळूहळू एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली: जिना, मग बाजार, मग वर्तमानपत्र, मग लांब वाक्यं. बोलायला पुरेसा श्वास नसायचा, म्हणून ते शब्द निवडून वापरायचे. आणि मी संध्याकाळी त्यांच्याकडून घरी जायला निघाले, बाहेर बर्फ असलं, की ते डोळे मिटलेले असतानाच विचारायचे, “काच पुसलीस?” त्यांना काही दुखतंय का, त्यांना थंडी वाजते आहे का, हे आम्हीच विचारायचं. त्यांच्याजवळ जो काही थोडा वारा उरला होता तो त्यांच्या स्वतःच्या पायांकडे गेला नाही. मला रस्ता दिसावा म्हणून तो गेला.

तेव्हा मी फक्त “हो बाबा” म्हणायचे आणि निघायचे. आता वाटतं, माणूस म्हातारपणी असा अचानक होत नसतो. बळ भरपूर असतं, काटा २० वर असतो, खटका हवा तिकडे फिरवता येत असतो, त्या वर्षांतच कधीतरी आत स्प्रिंगा बसवल्या जातात. बाबांनी त्या कधी बसवल्या मला ठाऊक नाही. कदाचित मिरजेच्या फलाटावर, तो काटा चढताना पाहत असताना. कदाचित कुणाचं तरी ड्रॉइंग परत करताना. पण बळ ओसरलं तेव्हा जे उरलं ते सैरभैर झालं नाही. आधीच ठरलेल्या बाजूला, सावकाश, वळलं.

मला एका मैत्रिणीने विचारलं, “तो फाटका पडदा तसाच ठेवशील ना? बाबांची आठवण म्हणून?” तिच्या विचारण्यात माया होती. मी थोडा वेळ खरोखरच तसा विचार केला. मग नवी डबी मागवली आणि बसवली. हातपंप लावून पाहिला. काटा चढला आणि जिथल्या तिथे राहिला. सुस्कारा संपला. लॉरेल हिलच्या चढावर आता पाय उबदार राहतात, अगदी माथ्यापर्यंत. कारण बाबांचं असं जे त्या गाडीत होतं ते छिद्रात नव्हतंच. ते स्प्रिंगेत आहे, आणि नव्या डबीतही स्प्रिंग त्याच बाजूला ढकलते. उद्या पुन्हा एखादी नळी तडकेल, जुन्या गाडीत तडकणारच, तेव्हा हवा पुन्हा काचेकडे जाईल. हा भरवसा दुरुस्तीने कमी झाला नाही.

तुमच्याकडेही कदाचित अशी एखादी जुनी गाडी असेल. एखाद्या लांब चढावर तिची ऊब पायांवरून निघून गेली, तर घाबरू नका आणि तिच्यावर चिडूही नका. तिचं बळ कमी पडलं आहे, एवढंच. आणि उरलं आहे ते ती तुम्हाला पुढचं दिसावं म्हणून खर्च करते आहे. चढ संपू द्या. घरी पोचा. मग बॉनेट उघडा, उगमापाशी बोट ठेवा, आणि नळीमागून नळी, सवडीने, तिची गळती शोधून बुजवा. ज्याने आपली एवढी काळजी वाहिली त्याची दुरुस्ती आपण नीट, प्रेमाने करावी, एवढं आपण त्याचं देणं लागतो.